बोरचे जंगल आणि त्याचे पाहुणे

बोर अभयारण्याची अधिसूचना १९७० च्या नोव्हेंबरातली. वन्यजीव संरक्षणाचा देशव्यापी कायदा १९७२ साली आला. म्हणजे त्याच्या दोन वर्षे आधीच वर्धा जिल्ह्यातले ६१ चौरस किलोमीटर जंगल वन्यप्राण्यांसाठी राखून ठेवले गेले होते. व्याघ्र प्रकल्प त्या मानाने अलीकडचा, ऑगस्ट २०१४ चा. अभयारण्याला पन्नास वर्षे होऊन गेली, व्याघ्र प्रकल्पानेही दहा वर्षे पूर्ण केली. स्मरणिकेसाठी बोरचा इतिहास लिहायचा म्हटले की वाघांच्या पिढ्यांपासून सुरुवात होते. तो इतिहास अनेकांनी सांगितला आहे. मला इथे गेटची बाजू मांडायची आहे. आत कोणाला सोडायचे, किती जणांना, कोणत्या रस्त्याने आणि कोणत्या महिन्यात. आलेल्या माणसाला पाणी, सावली, शौचालय, माहिती कुठे द्यायची. आणि कुठे ठामपणे नाही म्हणायचे. बोरसारख्या लहान जंगलाचे बरेवाईट या प्रश्नांच्या उत्तरांवरच ठरत आले आहे.

धरण आधी, अभयारण्य नंतर

वर्ध्याहून सेलू, सेलूहून हिंगणी आणि तिथून थोड्या अंतरावर बोरधरण. बोर नदीवरचे हे धरण १९६५ च्या सुमारास पूर्ण झाले. त्याच्या कालव्यांनी सेलू तालुक्याची शेती पालटली; केळीचे सेलू अशी ओळख सांगणाऱ्या या तालुक्याला धरणाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. जंगलाच्या दृष्टीने मात्र घडले ते असे: जिथले नाले मार्च-एप्रिलमध्ये कोरडे पडतात त्या टापूत बारमाही पाण्याचा मोठा साठा झाडीला लागून तयार झाला. जनावरांना पाणी मिळाले आणि माणसांना सहलीची जागा. दोन्ही एकाच वेळी मिळाले, आणि बोरच्या व्यवस्थापनातला कायमचा ताण तिथूनच सुरू झाला.

वर्धेकरांच्या दोन-तीन पिढ्यांना ही जागा ठाऊक आहे ती 'बोरधरण' म्हणूनच. शाळेची सहल, सुट्टीतले वनभोजन, पहिल्या पावसानंतर मित्रांसोबत मारलेली चक्कर. भिंतीवर उभे राहून पाणी पाहायचे, झाडाखाली डबा सोडायचा, दिवेलागणीपर्यंत घरी. पुष्कळांना धरणावर जाऊन आल्यावरही आपण अभयारण्यात गेलो होतो की बाहेरच होतो, हे सांगता आले नसते. त्यांचा तो दोष नव्हता. धरण पाटबंधारे खात्याचे, जंगल वनखात्याचे, रस्ता दोघांना सामाईक. आलेल्या माणसाला इथून पुढे तू पाहुणा आहेस, असे सांगणारी यंत्रणा उभी राहायला वेळ लागला.

१९७२ च्या कायद्याने तिचा पाया घातला. अभयारण्यात कोण प्रवेश करू शकतो हे त्याच्या २७ व्या कलमात आहे आणि परवानगी कशासाठी मिळू शकते हे २८ व्या कलमात. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन आणि तिथल्या रहिवाशांशी असलेला कायदेशीर व्यवहार, अशी ती यादी आहे. पर्यटन त्या यादीतले एक कलम आहे, एकमेव नाही. पुढे गेटवर जी गर्दी झाली तिच्यात याचा विसर पडत गेला.

पाहुण्यांचा विचार करताना घरच्यांना वगळता येत नाही. बोरच्या भोवती गोंड, गवळी आणि शेतकरी समाजाची गावे आहेत. गवळाऊ ही वर्धा जिल्ह्याची नावाजलेली गाईची जात; पांढरीशुभ्र, लांब तोंडाची, चपळ. नंद गवळ्यांनी ती सांभाळली ती आर्वी, कारंजा, सेलूच्या या झुडपी रानांच्या आधारावर. मोहफुले, तेंदूपत्ता, डिंक, सरपण यांवर कित्येक घरांचे उन्हाळे निघत. अभयारण्याच्या सीमेमुळे पहिली बंधने आली ती या लोकांवर, पर्यटकांवर नव्हे. ज्याच्या गुरांना रानात मज्जाव झाला त्याच्याच दारावरून शहरी माणसांच्या गाड्या आत जाऊ लागल्या, तेव्हा त्याला काय वाटले असेल याची नोंद कोणत्याही अहवालात सापडणार नाही. ती नोंद इथे असावी असे मला वाटते, कारण प्रवेशव्यवस्थेचे पुढचे सगळे यशापयश या गावांच्या मनाशी बांधलेले आहे.

लहानशा प्रकल्पावर मोठा भार

मधली तीसेक वर्षे लवकर सांगून होतात. अभयारण्य होते, चौकीदार होते, पाणवठे होते, पर्यटक तुरळक. चित्र बदलले ते या शतकात. २०१२ साली ६०.६९ चौरस किलोमीटरचे नवीन बोर अभयारण्य जोडले गेले, नंतर १६.३१ चौरस किलोमीटरचा नवीन बोर विस्तार. तिन्ही मिळून १३८ चौरस किलोमीटरचा गाभा झाला आणि २०१४ मध्ये बोर हा देशातला ४७ वा आणि राज्यातला सहावा व्याघ्र प्रकल्प ठरला. मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि मग बोर. घोषणेच्या वेळी तो देशातला सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्प होता. कारभार पेंचच्या क्षेत्र संचालकांकडे, म्हणजे नागपूरकडे. पुढे ६७८ चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र अधिसूचित झाले, ते वर्धा आणि नागपूर अशा दोन जिल्ह्यांत पसरले आहे.

एवढ्याशा जंगलाला एवढा मान कशासाठी, असे कोणी विचारले तर नकाशा पुढे ठेवावा. ईशान्येला पेंच, पूर्वेला उमरेड-कऱ्हांडला आणि त्यापलीकडे नवेगाव-नागझिरा, आग्नेयेला ताडोबा, वायव्येला मेळघाट. एका जंगलातून दुसऱ्याकडे निघालेल्या तरण्या वाघाला मधे टेकायला जागा लागते. बोर ती जागा आहे. म्हणून बोरच्या आतले वाघ मोजून त्याची किंमत करता येत नाही.

या लहान आकाराची किंमत २०१७ मध्ये कळली. जुलैत ब्रह्मपुरीकडून आणून बोरमध्ये सोडलेली वाघीण इथे थांबली नाही. ती गावशिवारांतून फिरत राहिली, माणसे दगावली आणि ऑक्टोबरात कारंजा तालुक्यात वीजप्रवाह सोडलेल्या कुंपणाला लागून ती मेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरीस बोरचा नावाजलेला नर, बाजीराव, नागपूर-अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेत गेला. बोरची हद्द वाघाच्या पायाला केव्हाही संपते. अशा ठिकाणी पर्यटनाच्या गाड्यांनी व्यापलेला प्रत्येक रस्ता जनावराच्या वाट्याच्या शांततेतून वजा होतो.

या वजाबाकीला मर्यादा घालणारा निर्णय बोरच्या घोषणेआधीच झालेला होता. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन थांबवले. देशभर खळबळ उडाली, हॉटेलवाले आणि गाईड दोघेही धास्तावले. ऑक्टोबरात राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि बंदी उठली. तत्त्वांतली मुख्य अट अशी की गाभ्याच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागातच नियंत्रित पर्यटन असावे आणि गाभ्यात पर्यटनासाठी नवीन पक्के बांधकाम करू नये. बोरला हे गणित लावले तर १३८ चौरस किलोमीटरचे वीस टक्के म्हणजे साडेसत्तावीस चौरस किलोमीटर. दोन जिल्ह्यांची हौस, नागपूरसारख्या महानगराचे शनिवार-रविवार आणि वाघ दिसलाच पाहिजे हा हट्ट, सगळे एवढ्या जागेत बसवायचे आहे.

गेटवरची सकाळ

बोरला प्रवेशाची मुख्य ठिकाणे दोन: बोरधरण आणि अडेगाव. कारभार सूर्याच्या वेळेवर चालतो. थंडीच्या दिवसांत पहाटे गेटवर पोहोचलेल्या माणसाला पहिले तासभर काहीच दिसत नाही. गाड्यांचे दिवे, हातमोजे, चहाच्या टपरीवरची वाफ. मग खिडकी उघडते. आरक्षणाची पावती, ओळखपत्र, गाडीचा क्रमांक, माणसे किती, गाईड कोण. एकेक नोंद होत जाते. प्लास्टिकच्या पिशव्या काढून ठेवायला सांगतात. गाईड पुढच्या सीटवर बसतो, आडवा बांबू वर जातो आणि गाडी आत शिरते. पुढचे काही तास तिला ठरलेला रस्ता सोडता येत नाही, माणसाला खाली उतरता येत नाही, आवाज चढवता येत नाही. परतीच्या वेळी तोच बांबू, तीच वही आणि आत गेले तेवढे बाहेर आले याची खात्री.

यातली प्रत्येक गोष्ट कोणत्या ना कोणत्या धड्यातून आलेली आहे. वही आहे, कारण आत राहिलेला माणूस रात्री शोधायला जाणे कोणालाच परवडत नाही. गाईड सक्तीचा आहे, कारण त्याच्याखेरीज गाडीत जंगलाच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. गाईड आणि जिप्सीचालक जवळच्या गावांतले असावेत असा आग्रह आहे तो सीमेवरच्या घरांत जंगलाचा पैसा पोहोचावा म्हणून. कायद्यातच व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाची तरतूद आहे. प्रवेशशुल्काची रक्कम त्यातून जंगल आणि गावे यांच्याकडेच वळावी असा हेतू आहे. २०१५ पासून राज्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांत ग्राम परिस्थितिकीय विकास समित्यांमार्फत गॅसजोडण्या, शेतीला कुंपण, रोजगाराची साधने अशी कामे होऊ लागली. ज्या घरी गॅस आला त्या घरची बाई सरपणासाठी पहाटे रानात जायची थांबली, तर वाघाशी होणारी एक गाठ टळली. गेटवरच्या सोयींपेक्षा या सोयीला मी अधिक महत्त्व देतो.

गेटवरच्या सोयींबद्दलही नीट बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे त्यांना हलक्यात घेतात. आत गेल्यावर तीन-चार तास उतरता येणार नाही, तेव्हा स्वच्छ शौचालय गेटवरच हवे. नसेल तर पहिला त्रास बायकांना, म्हाताऱ्यांना आणि मुलांना होतो. पिण्याचे पाणी गेटवर भरता आले नाही तर प्रत्येकजण विकतची बाटली घेऊन आत जाईल. कचऱ्याची पेटी झाकणाची नसेल तर माकडे आणि रानडुकरे तिच्याभोवती जमतात, त्यांच्या मागे बिबट्या. उपाहारगृहाचा झगझगीत दिवा, जनरेटरचा आवाज, गाणी वाजवणारी सहलीची बस, हे सगळे रात्रीच्या जंगलाला दूरवर पोहोचते. म्हणून सोयी द्यायच्या त्या गेटच्या बाहेर, गावाच्या बाजूला आणि साध्या. आत फक्त रस्ता आणि पाणवठा. अधिक गाड्यांची मागणी दर हंगामात होते. पर्यटकांना ती हवी असते, चालकांना हवी असते, कधी लोकप्रतिनिधींनाही. तिला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव कोठे कोरले जात नाही, पण बोर टिकले आहे ते अशा नकारांच्या जोरावर.

नकार ढिला पडला तर काय होते ते शेजारी दिसले. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात बछड्यांसह निघालेल्या वाघिणीला पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी घेरले. चित्रफिती सगळीकडे फिरल्या. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाईड यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली. त्या गाड्यांत बसलेली माणसे तुमच्या-आमच्यातलीच होती. "थोडं पुढे घ्या ना" हे वाक्य मागच्या सीटवरूनच येते, आणि दोन पैसे जास्त मिळतील या आशेवर असलेल्या पोराला ते मोडवत नाही. नियम मोडणाऱ्या गाडीतल्या पर्यटकालाही तेवढाच दंड आणि तेवढीच प्रवेशबंदी व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

फुलांचे बोर

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. बोर हे फुलांचेही जंगल आहे आणि आपल्या प्रवेशव्यवस्थेत फुलांना जागाच नाही.

बोर पानगळीचे, सागाचे, ऐन-तेंदू-बांबूचे रान. फेब्रुवारीत काटेसावर पानांवाचून लालभडक उभी राहते. मग पळस पेटतो. त्याच्यावर पळसमैनांचे थवे उतरतात तेव्हा गाडीचे इंजिन बंद करून पाच मिनिटे थांबायला चालकाला सांगून पाहावे. खडकाळ उतारांवर धायटीचे लाल झुबके. मार्च-एप्रिलमध्ये मोह. मोहाची फुले पहाटे गळतात. मांसल, पिवळट, गोड उग्र वासाची. ती वेचायला चितळ येते, अस्वल येते आणि गावातली बाईही येते, तिघेही त्याच वेळी. पडलेले फूल दिसावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची पद्धत आहे आणि कित्येक वणवे तिथून सुरू होतात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम म्हणून वनखाते डोळ्यांत तेल घालून असते आणि पर्यटकांची गर्दीही नेमकी त्याच महिन्यांत. एका विडीच्या थोटकाची भीती त्या दिवसांत किती असते हे जाळरेषा साफ करणाऱ्या वनमजुराला विचारावे. एप्रिल-मेमध्ये पांढरा कुडा सुवासतो, बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडतो.

आणि मग पाऊस. जमिनीवरच्या फुलांचा खरा हंगाम इथून सुरू होतो. काळ्या मुसळीची पिवळी चांदणी जमिनीला टेकूनच उमलते, ती जिप्सीतून कधीच दिसणार नाही. सफेद मुसळीचे पांढरे तुरे, रानहळदीचे गुलाबी तुरे, पाणथळ जागी तेरडा, शेताच्या कडेला पुढे कुर्डू. साग जुलै-ऑगस्टात फुलतो. एरवी त्याच्याकडे लाकूड म्हणून पाहणाऱ्याने ते मळकट पांढरे फुलोरे एकदा मान वर करून पाहावेत. सर्वांत देखणी कळलावी. तिच्या पानाचे टोकच दोऱ्यासारखे वळते आणि शेजारच्या झुडपाला धरून वेल वर चढते. फुलाच्या पाकळ्या कडेने कुरळ्या, उमलताना हिरवट पिवळ्या, मग खालून पिवळ्या वरून शेंदरी आणि अखेरीस पूर्ण लाल. सगळ्या मागे वळलेल्या. एका वेलीवर या सगळ्या अवस्था एकाच वेळी दिसतात. कंद जहाल विषारी आणि औषधीही, म्हणून तिची उपटाउपट होते. मुसळीचीही तीच कथा.

या सगळ्या काळात, जुलै ते सप्टेंबर, गाभ्याचे गेट बंद असते. ते बंदच असावे. कच्चे रस्ते चिखलाने भरतात, जनावरांना निवांतपणा लागतो, गस्तीच्या माणसांना गेटवर अडकवून ठेवता येत नाही. पण परिणाम असा झाला की पन्नास वर्षांत बोरला आलेल्या बहुसंख्य पाहुण्यांनी त्याचा पावसाळा पाहिलेला नाही. ऑक्टोबरात गेट उघडते तोवर रान उंच गवताने झाकलेले असते आणि गाडीतला प्रत्येकजण वाघ शोधत असतो.

फुलांसाठी माणसांची व्यवस्था कशी करावी, याचा महाराष्ट्रातला अनुभव साताऱ्याच्या कास पठाराकडे आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांपैकी एक म्हणून कास जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी तिथे माणसांचा पूर लोटला. मोठ्यातली मोठी फुले तिथे बोटभर. सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू जांभ्या खडकावरच्या चिमूटभर मातीत उगवतात. एका पावलाखाली शेकडो रोपे जातात. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या समित्या आणि वनखाते यांनी मिळून ऑनलाइन आरक्षण, दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा, दूरवर वाहनतळ, आखलेल्या पायवाटा आणि गावातले मार्गदर्शक अशी व्यवस्था बसवली. पठाराला तारेचे कुंपणही घातले गेले. मात्र गुरांचे चरणे थांबले, गवत माजले आणि इवल्या फुलांना ऊन मिळेनासे झाले, अशी तक्रार वनस्पतितज्ज्ञ आणि गावकरी दोघेही करू लागले. काही वर्षांनी ते कुंपण काढले. उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचीही हीच शिकवण आहे. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर तिथली चराई बंद झाली आणि एका आक्रमक उंच झुडपाने फुलांच्या जागा बळकावल्या. ते उपटत राहण्याचे काम उद्यानाच्या मागे कायमचे लागले. ती दरी साडेसत्त्याऐंशी चौरस किलोमीटरची आहे, म्हणजे बोरच्या गाभ्यापेक्षा लहान. तिथे दिवसा पायी जायचे आणि संध्याकाळच्या आत बाहेर यायचे. मुक्काम आत नाही, खालच्या घांगरियात.

बोरने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. माणसाला अडवणे आणि गुराला अडवणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, दोन्हींना एकच कुलूप लावून चालत नाही. बफरच्या माळावर गवळाऊ गाई किती आणि केव्हा चराव्यात, हे गवळ्यांसोबत बसून ठरवले तर गवतही राहील आणि फुलेही. आपल्याकडचा खरा शत्रू रायमुनिया आहे. त्या काटेरी, रंगीत झुडपाला पर्यटक सुंदर म्हणून फोटो काढतात आणि त्याच्याखाली बाकी काहीही उगवत नाही. त्याच्या जोडीला रानतुळस आणि गाजरगवत. गाड्यांच्या चाकांच्या चिखलातून बिया कुठून कुठे जातात याकडे गेटवर लक्ष दिले पाहिजे.

बफरमधली पायवाट

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. फुलांच्या पर्यटनाला गाभा लागत नाही. ६७८ चौरस किलोमीटरचा बफर आहे, त्यात टेकड्या आहेत, नाले आहेत, शेतांचे बांध आहेत आणि गावे आहेत. जुलै ते सप्टेंबर, म्हणजे सफारी बंद असल्यामुळे गाईड आणि चालकांच्या हाताला काम नसते नेमक्या त्याच काळात, बफरमधल्या निवडक गावांच्या शिवारात आखलेल्या पायवाटा खुल्या कराव्यात. दिवसाला थोडीच माणसे, आठ-दहांचा एक गट, गटामागे गावातला एक मार्गदर्शक. वाघाच्या वावराची ताजी माहिती वनरक्षकाकडून घेऊनच सकाळची फेरी सोडावी आणि शंका असेल त्या दिवशी सोडू नये. जेवण गावातल्या बचतगटाचे, तरोट्याच्या कोवळ्या भाजीसह. शौचालय ग्रामपंचायतीचे, त्याच्या स्वच्छतेचा खर्च शुल्कातून. एवढ्यासाठी इमारत लागत नाही, सिमेंट लागत नाही. वनस्पती ओळखणारी माणसे लागतात आणि ती गावात आहेत. ज्या म्हातारीला मुसळी कोणती आणि कळलावी कोणती हे पावलागणिक कळते, तिच्याजवळ बसून गाईडच्या पोराने एक पावसाळा शिकावे. वर्ध्याच्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या विभागांनी त्या नावांची शास्त्रीय नावांशी जोड घालून द्यावी आणि दरवर्षी कोणते फूल कोणत्या आठवड्यात आले याची नोंद ठेवावी. अशी नोंद दहा वर्षे टिकली तर पर्यटक किती आले या आकड्यापेक्षा ती बोरच्या प्रकृतीबद्दल अधिक सांगेल.

वर्धा जिल्ह्याला हे अवघड वाटू नये. सेवाग्रामला देशभरातून माणसे येतात आणि कुडाच्या भिंतींच्या, कौलारू छपराच्या बापूकुटीत चप्पल काढून शांतपणे उभी राहतात. तिथे कोणी आवाज चढवत नाही आणि त्यासाठी मोठी पाटी लागत नाही. पाहुण्याने जागेच्या रीतीने वागावे, हा संस्कार या जिल्ह्याने जोपासलेला आहे.

वनखात्याकडे, ग्राम परिस्थितिकीय विकास समित्यांकडे आणि जिल्ह्यातल्या शाळांकडे माझी विनंती आहे की येत्या पावसाळ्यापासून किमान एका गावात ही पायवाट सुरू व्हावी. आणि ही स्मरणिका वाचणाऱ्यांना सांगणे एवढेच: ऑगस्टात बोरकडे या. गाभ्याचे गेट बंद असेल, ते उघडा असा आग्रह धरू नका. अलीकडच्या गावांत थांबा, वाटेची परवानगी विचारा, गावातला मार्गदर्शक सोबत घ्या आणि त्याचे मानधन हातात द्या. कळलावी दिसली तर वेलीवरच पाहा, तोडू नका, आणि आपला कचरा आपल्या पिशवीतून वर्ध्याला परत आणा.